तारवलीचा गुळखडक

पावसाळा सरला, होड्यांवरचे झाप निघाले आणि समुद्राचा गढूळपणा खाली बसला की तारवलीच्या पुळणीवर एक दिवस बायकांची गर्दी होते. होड्यांची रांग बाजूला ठेवून त्या बसतात नांगरांपुढे. होडी थांबवायचे लोखंडी नांगर वाळूवर चटया अंथरून आडवे ठेवलेले असतात. बायकांच्या मांडीजवळ परात, परातीत भाजलेलं तांदळाचं पीठ, उडदाचं पीठ, खोबऱ्याचा कीस आणि गुळाचा कढत पाक. पाक जरा निवला की त्या मूठमूठ उचलून नांगराच्या दांड्याला, फाळांना, कडीला थापत जातात. हाताला चटके बसतात, म्हणून मधूनच बोटं तोंडात घालतात. संध्याकाळपर्यंत सगळे नांगर तपकिरी, चकचकीत, लाडवाच्या जातीचे होऊन बसतात. ह्याला गावात माखण म्हणतात.

बाहेरून आलेली माणसं पहिल्यांदा हसतात, फोटो काढतात. मग विचारतात, हा रंग आहे की खाऊ? त्यांना उत्तर द्यायचं काम अलीकडे पुतू आजांकडे आलं आहे. ते उपड्या होडीला टेकून बसतात, हसणाऱ्यांना पोटभर हसू देतात आणि मग बोट दाखवावं तशी काठी समुद्राकडे करतात. खाडीच्या मुखापलीकडे, जिथे पाणी निळ्याचं काळं होतं, तिथे एक बोडकं बेट आहे. त्यावर झाड नाही, देऊळ नाही. त्याचं नाव गुळखडक. गोष्ट त्या खडकापासून सुरू होत नाही, पण तिथे गेल्याशिवाय ती सुटत नाही, असं आजा म्हणतात.

फार पूर्वी, होड्यांना यंत्रं नव्हती, शिडं होती, तेव्हाची ही गोष्ट. तारवलीत तेव्हा लोखंडी नांगर कुणाकडे नव्हता. लांबट दगडाला भोकं पाडून त्यात लाकडी दांडे ठोकायचे, तोच नांगर. साबाजी तांडेल शिडाचा मचवा हाकायचा, त्याच्यावरही तसलाच दगड होता. पण एकदा खोल पाण्यात त्याचं जाळं अडकलं, सगळ्यांनी मिळून ओढलं, आणि मासळीऐवजी वर आला तो माणसाएवढा लोखंडी नांगर. कुठल्या गलबताचा, किती वर्षं तळाशी पडलेला, देव जाणे. गंजाची साल त्यावर बोटबोट चढली होती.

साबाजीने तो घरी आणला. वाळूने घासला, कोकमाच्या आगळात भिजवला, पुन्हा घासला. अंगणात तो नांगर आरशासारखा चमकायला लागला तेव्हा साबाजी त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला, आणि त्याची बायको येसू दारातून बघत राहिली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिच्याकडे त्याने कधी असं बघितलं नव्हतं, हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी चमक गेली. खाऱ्या वाऱ्याने फाळावर तांबडे ठिपके उठवले होते. तिथून साबाजीच्या जिवाला घोर लागला.

पहिल्यांदा त्याने मुशीच्या कलेजीचं तेल चोळलं. तेल चांगलं होतं, पण वास खाली पाखाडीपर्यंत गेला आणि गावातली यच्चयावत मांजरं येसूच्या अंगणात राहायला आली. ती नांगर चाटत, त्याच्यावरून भांडत, एका मांजरीने तर फाळाच्या खोबणीत पिल्लं घातली. मग त्याने बिब्ब्याचं तेल लावलं. लोखंड वाचलं, साबाजी सुजला. तोंड भोपळ्याएवढं झालं, डोळे मिटले, हाताला फोड आले, आणि येसूने त्याला चमच्याने पेज भरवली. सुजलेल्या तोंडाने तो विचारत होता तो एकच प्रश्न, नांगर कसा आहे.

बरा झाल्यावर त्याने कुणाचं तरी ऐकून शेंदूर आणि तेल कालवून जाड लेप दिला. शेंदराने लोखंड टिकतं, ही गोष्ट खरी. पण शेंदूर फासलेली वस्तू अंगणात उभी राहिली की माणसं काय करणार? येणारी जाणारी हात जोडायला लागली. कुणी फूल ठेवलं, कुणी नारळ फोडला, एका म्हातारीने सुनेला मूल व्हावं म्हणून नवस बोलला. साबाजी मचव्यावर नांगर न्यायला निघाला तेव्हा आपा गुरव आडवा आला.

"ह्येका पाण्यात टाकलंस तर देव बुडवल्यासारख्या होतला. गावार काय इला तर कोण निस्तरतलो?"

शेवटी आपा गुरवाने गाऱ्हाणं घालून, देवपण उतरवून नांगर परत लोखंड करून दिला. त्या म्हातारीच्या सुनेला मात्र पुढे मुलगा झाला म्हणे.

एवढं होऊन साबाजी थांबला असता. पण मचव्याचं सुकाणू धरणारा गुणाजी, वयाने मोठा आणि थट्टेखोर, एकदा बोलून गेला, "तांडेलानू, लोखंडाक बाळंतिणीसारख्या जपूक व्हया. वारो नको, पाणी नको, अंगाक लेप आणि पांघरूण." गुणाजी हसला. साबाजी हसला नाही. तो घरी आला आणि येसूला म्हणाला, बाळंतिणीला काय काय लावतात, काय काय देतात, ते सगळं कर.

येसूला मूल नव्हतं. तिने चूल पेटवली. उडीद भाजले, जात्यावर दळले. तांदूळ भाजून पीठ केलं. खोबरं किसलं. गुळाचा पाक केला, खडखड्या लाडवाला करतात तसा, दगडासारखा आळणारा, आणि तो सगळा गोळा नांगराला थापला. लेप वाळून असा कडक झाला की नख रुतेना. साबाजी खूश. पण मुंग्या आल्या. मग नांगर उभा करून, त्याच्या बुडाखाली आणि फाळांखाली पाण्याच्या परळी ठेवल्या, घरातल्या फडताळाला ठेवतात तशा. समुद्राच्या तळाशी राहायची वस्तू परळीतल्या पाण्यात पाय बुडवून ओसरीवर उभी राहिली. गाव येऊन बघून गेला.

लेप जुना झाला की साबाजी नवा मागायचा. जुना काढू द्यायचा नाही, वरून नवा. येसू थापत गेली. सुरुवातीला रागाने थापायची. पुढे तिच्या मनात आलं, जाड करत जावं, एवढं जाड की एक दिवस ह्या माणसाला तो उचलताच येऊ नये, म्हणजे तो ओसरीवरच राहील आणि साबाजीचं वेड तरी एका जागी बसेल. हे तिने कुणाला सांगितलं नाही. दर थराला ती मूठभर पीठ जास्त घालायची.

पण साबाजीला तो ओसरीवर ठेववेना. मचव्यावर लोखंडी नांगर असल्याचा मान त्याला हवा होता. म्हणून तो नांगर गोधडीत गुंडाळून, काथ्याच्या दोरीने गच्च गाठी मारून मचव्याच्या नाळेत, पुढच्या निमुळत्या टोकाला, ठेवायचा, आणि पाण्यात टाकायचा तो जुना दगडच. कारण गूळ पाण्यात विरघळतो. गुणाजी एकदाच म्हणाला की मग ह्याचा उपयोग काय. साबाजीने त्याच्याशी काही दिवस बोलणं टाकलं.

त्या वर्षी कार्तिकात येसूच्या माहेरी भावाच्या मुलाचं बारसं होतं. माहेर दक्षिणेला, दोन बंदरं पलीकडे. साबाजीला त्याच बाजूला मीठ पोचवायचं होतं, तेव्हा तिला घेऊन जाऊ असं ठरलं. मचव्यावर माणसं चार. साबाजी, येसू, सुकाणूवर गुणाजी आणि शीड सांभाळायला भिवा, रेड्यासारखा दणकट आणि सदा भुकेला. सकाळी निघाले तेव्हा आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

उन्हं चढल्यावर वारा पडला. मग पश्चिमेला काळं उमटलं. त्या ऋतूत कधीतरी येतं तसलं अवकाळी वादळ, आणि ते चालत येत नाही, अंगावर पडतं. शीड उतरवेपर्यंत ते फाटलं. बोडकं बेट तेव्हा अगदी जवळ होतं आणि वारा मचव्याला त्याच्यावरच रेटत होता.

गुणाजी ओरडला, "तांडेलानू, लोखंडी टाका! दगड धरूचो नाय!"

"आजपर्यंत धरल्यान मा?" साबाजी म्हणाला आणि त्याने दगड सोडला.

दगड तळाच्या कातळावर घासत गेला. एकदा अडकला, मचवा गर्रकन वळला, सगळ्यांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात लाकडी दांडा मोडला. दोर हलका होऊन वर आला तेव्हा साबाजीचा चेहरा येसूने बघितला. तो नाळेकडे धावला. पण गोधडी भिजली होती, काथ्याच्या गाठी पाण्याने आवळून गोट्यासारख्या झाल्या होत्या. "अवो, गाठी सोडा, गाठी सोडा!" येसू ओरडत होती आणि स्वतःही दातांनी एक गाठ ओढत होती. ती गाठ तिच्या दातांत असतानाच लाटेने मचवा उचलला.

गुळखडकाच्या समुद्राकडच्या बाजूला एक घळ आहे. गावातून ती दिसत नाही. बाहेरून बघितली तर सुरीने भेग पाडल्यासारखी, आत मात्र मचवा मावेल एवढी रुंद. लाटेने मचवा त्या घळीत फेकला, भिंतींवर आपटत आत नेला आणि दोन खडकांच्या मध्ये खुंटीला टोपी अडकवावी तसा अडकवून ठेवला. लाट ओसरली. मचवा ओसरला नाही.

सगळे जिवंत होते. भिवाचं कपाळ फुटलं होतं, बाकी खरचटलेलं. पहिला आनंद एवढाच. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं.

दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, वर जाता जाता आत झुकलेल्या, शेवाळाने बुळबुळीत. डोक्यावर हातभर रुंदीचं आभाळ. पाठीमागे कातळ. समोर घळीचं तोंड, आणि तिथे समुद्र असा फुटत होता की त्या पांढऱ्या पाण्यातून मासासुद्धा बाहेर पडला नसता. भिवाने भिंत चढायचा प्रयत्न केला, दोनदा घसरून पाण्यात पडला. तोंडाकडे पोहत गेला तर लाटेने त्याला भिंतीला घासून परत आणून टाकलं. बोललेला शब्द भिंतीवरून आपटून पुन्हा कानावर यायचा, त्यामुळे थोड्या वेळाने सगळेच हळू बोलू लागले.

शिदोरी पहिल्याच लाटेने नेली होती. बारशासाठी केलेली येसूची करंज्यांची टोपली तिच्याबरोबर गेली. पाण्याचं पिंप रिकामं झालं होतं, पण कातळावरून पावसाचं पाणी ओघळत होतं, ते खळग्यात साठत होतं, तेवढं नशीब. खायला राहिल्या त्या मिठाच्या गोण्या. मीठ होतं, मीठ लावायला काही नव्हतं. भिवाने तोंडाजवळच्या खडकावरून दगडाने ठेचून थोडी कालवं काढली, ती कच्चीच वाटून खाल्ली. पुन्हा काढायला गेला तेव्हा लाटेने जवळजवळ नेलाच होता, गुणाजीने केस धरून ओढला. मग त्याला कुणी जाऊ दिलं नाही.

वादळ गेलं, तरी समुद्र खवळलेलाच राहिला. एकदा शंखाचा आवाज आला. तारवलीच्या होड्या शोधायला आल्या होत्या, पण बेटाच्या आतल्या, गावाकडच्या बाजूला. चौघे गळा फाटेपर्यंत ओरडले. घळीने सगळा आवाज आपल्याच पोटात ठेवला. शंख लांब लांब जात गेला आणि बंद झाला. 

येसूला आठवत होतं ते तिचं अंगण. सकाळी कुठून ऊन यायचं, मांजर कुठे बसायची. आपल्याला त्या घराचा किती कंटाळा आला होता, हे आठवून तिला हसू आलं. आता त्या ओसरीवरून नुसतं उठून विहिरीवर जायला मिळालं असतं तरी पुरे होतं. इथे उठून जायला जागा नव्हती. पाय पसरला तर गुणाजीला लागायचा.

साबाजी नाळेत नांगराजवळ बसून होता. गाठी आता सुटल्या होत्या. गोधडी भिजली तरी आतला नांगर मचव्याच्या त्या टोकाला, लाटेच्या फवाऱ्यापासून वर, कोरडा राहिला होता. फक्त वरचा थर मऊ पडला होता. साबाजीचा हात त्यावर होता आणि तो हात काढत नव्हता. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. तेच त्याला सगळ्यात जास्त लागत असणार.

भिवा पोटाला गोणपाट बांधून पडला होता. तो म्हणाला, "वैनी, आता मीठच खातंय मी."

येसू उठली. कोयता घेतला, नाळेत गेली आणि गोधडी बाजूला केली.

साबाजी म्हणाला, "नांगराक हात लावू नको."

"तुमच्या नांगराक नाय लावणय," येसू म्हणाली. "माझ्या गुळाक लावतंय."

तिने कोयत्याच्या टोकाने खरवडायला सुरुवात केली. कडक झालेला लेप टवका टवका निघाला. पहिला तुकडा तिने भिवाला दिला, दुसरा गुणाजीला. गुणाजीने तो हातात घेऊन बघितला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. तिसरा तिने साबाजीपुढे धरला. त्याने तोंड फिरवलं. तिने तो त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि आपल्या जागेवर येऊन बसली. तुकडा गुडघ्यावर तसाच राहिला. उजेड बदलला, डोक्यावरचं आभाळ तांबूस झालं, तेव्हा तो तिथे नव्हता.

पुढचा उजेड आला तेव्हा साबाजीने स्वतः कोयता मागितला. खरवडता खरवडता तो एकदम थांबला.

"ह्येच्यात वेलची घातलंस?"

"घातलंय."

"नांगराक?"

येसू म्हणाली, "कोण खाईत असा वाटला नव्हता. पण हात ऱ्हवलो नाय."

साबाजीने कोयता खाली ठेवला. भिवाने पुढे गावात सांगितलं की तांडेल पलीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत होता. तो खारा वारा असेल, असं गुणाजी म्हणे.

ते खात गेले. थर थर निघत गेला. ह्या थराला खोबरं जास्त, त्या वर्षी माड चांगले आले होते. ह्या थराचा गूळ काळा, तेव्हा बाजारात तसलाच होता. येसूला प्रत्येक थरामागचा दिवस आठवत होता. तिने जास्त घातलेली प्रत्येक मूठ आता तिला परत मिळत होती, आणि ती कशासाठी घातली होती हे ती एकटीच जाणत होती. चार माणसांनी खाऊनसुद्धा ते संपेना. असं सांगतात की येसू खालचा थर काढी तेव्हा वरचा पुन्हा भरून येई. खरं काय ते घळीला ठाऊक. एवढं मात्र सगळे सांगतात की ज्या दिवशी शेवटचा टवका निघून आतलं उघडं लोखंड दिसलं, त्याच दिवशी घळीच्या तोंडावरचा पांढरा फेस पहिल्यांदा विरळ झाला.

लोखंडावर गंजाचा एक ठिपका नव्हता. साबाजीने हात फिरवला. मग त्याने मचव्याच्या बुडाकडे बघितलं. एक फट पडली होती, तिच्यात त्यांनी गोधडी कोंबून बसवली होती. उधाणाच्या भरतीला मचवा खडकांमधून जरासा सुटून तरंगायचा, पण आत येणारी लाटेची फुगवटी त्याला परत कोंबायची. जोर लावला तरी वल्ही मारायला भिंतींमध्ये जागा नव्हती.

गुणाजी म्हणाला, "आतसून काय होवचा नाय. भायरसून कोणीतरी ओढूक व्हया."

बाहेर कुणी नव्हतं.  येसूची नजर नांगरावर गेली आणि तिने ती पटकन काढून घेतली, कारण आता तो घळीबाहेर पाण्यात टाका असं सांगायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. साबाजीने लेप खाऊ दिला होता. आणखी किती मागायचं.

साबाजीने अंगरखा काढला, कोयता कमरेला खोचला. मचव्यावरचा सगळ्यात जाड दोर त्याने नांगराच्या कडीत ओवला, गाठ मारली, ती दोनदा तपासली. रिकाम्या पिंपाचं तोंड गोणपाट आणि लाकडाची खुंटी ठोकून बंद केलं आणि नांगर त्याच्याखाली बांधला. भिवा म्हणाला, मी जातो. साबाजीने मान हलवली. भरती पूर्ण चढल्यावर, दोन फुगवट्यांच्या मधली शांतता बघून तो पाण्यात उतरला.

पिंप ढकलत, भिंत धरत तो तोंडापर्यंत गेला. पहिल्या फुगवटीने त्याला परत आणला. दुसऱ्यांदा तो तिच्याखालून गेला. येसूच्या हातातून दोर सरकत होता, आणि दोर सरकतोय तोवर तो जिवंत आहे एवढंच तिला कळत होतं. मग दोर थांबला. पुढे नाही, मागे नाही. घळीच्या तोंडाशी नुसतं पाणी.  तेवढ्यात दोराला खालच्या बाजूला झटका बसला आणि तो सपासप सुटत गेला. साबाजीने कोयत्याने पिंपाची दोरी कापली होती. जाळ्यात सापडल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो नांगर पाण्याच्या तळाशी जात होता.

साबाजी दोराच्याच आधाराने परत आला. त्याच्या छातीची कातडी सोलली होती. चौघांनी दोर हातात घेतला.

"हय्या!" गुणाजी म्हणाला. दोर ताणला. नांगराने धरलं.

हातभर पुढे. फुगवटी आली की पाय रोवून धरायचं, ती गेली की ओढायचं. मचवा कुरकुरला, खडकावर घासला, एका बाजूची फळी गेली. गोधडी ठिबकायला लागली. येसूच्या तळहाताची साल निघाली आणि दोर लाल झाला. कितीतरी वेळा वाटलं, आता मागे जातो. पण बाहेर, तळाशी, ज्याला आयुष्यभर पांघरुणात ठेवला होता तो नांगर फाळ कातळात घुसवून बसला होता आणि हलत नव्हता. भिंती मागे मागे गेल्या. डोक्यावरचं आभाळ हातभराचं वावभर झालं, मग एकदम सगळीकडे झालं. येसूला एवढ्या उजेडाने डोळे मिटावे लागले.

ते बाहेर आले, पण सुटले नव्हते. मचवा दोराला लटकून डोलत होता आणि प्रवाह त्याला फिरवून पुन्हा खडकाकडे नेत होता. फाटक्या शिडाचा तुकडा वर चढवला तर वारा मिळणार होता, पण आधी नांगर निघायला हवा होता. ओढला. निघेना. भिवाने अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला. नांगर तळाच्या खडकांत असा बसला होता की खडक उचलला असता तरच तो आला असता.

साबाजीने कोयता हातात घेतला. दोरावर धरला.

तेव्हा येसूने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ज्या वस्तूला तिने इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, ती आता तिला सोडवत नव्हती. "आजून एकदा वडून बघूया," ती म्हणाली. "एकदाच."

साबाजीने तिच्याकडे बघितलं. बिब्ब्याने सुजला होता तेव्हासारखे त्याचे डोळे बारीक झाले होते.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "त्येचा काम झाला."

त्याने दोर कापला. शिडाने वारा धरला. ते तारवलीच्या खाडीत शिरले तेव्हा त्यांच्या घरी दिवसकार्याचा स्वयंपाक चालला होता, आणि येसूच्या जावेने तिला दारात बघून हातातला तांब्या टाकला.

पुढच्या वर्षी होड्या लोटायच्या आधी येसूने पुन्हा उडीद भाजले. साबाजीकडे आता पुन्हा दगडी नांगर होता, तिने त्यालाच लेप थापला. काही जण हसले. तिने ऐकून घेतलं आणि परात पुढे सरकवली. मग गुणाजीची बायको आपल्या दगडाजवळ परात घेऊन बसली, मग भिवाची आई. बायका ठरवतात तसं काही न ठरवता ते ठरून गेलं. साबाजीने त्याला एक गोष्ट जोडली. त्याने सगळ्या गावासमोर लेप खरवडला, वाटला, आणि उघडा नांगर उचलून पुळणीसमोरच्या पाण्यात टाकला. तो म्हणाला, पाण्यात गेल्याशिवाय ज्याचा नांगर नाळेत चढेल, त्याच्या होडीवर मी पाय ठेवणार नाही. साबाजी कमी बोलायचा, त्यामुळे ते लक्षात राहिलं. बोडक्या बेटाला गुळखडक हे नाव कुणी दिलं ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. भिवाने दिलं असावं.

दगडी नांगर गेले. लोखंडी आले, साखळदंड आले, बाजारात डब्यातला रंग मिळतो, तो तारवलीचे लोकही आणतात आणि लावतात. तो लावायचा ते नंतर. आजही आधी माखण होतं. रात्रभर नांगर चटईवर राहतात, मुंग्या लागू नयेत म्हणून बाजूने पाण्याचा चर काढतात. सकाळी घरातली बाई कोयत्याने पहिला टवका काढते आणि तांडेलाच्या हातावर ठेवते, दुसरा खलाशांना, मग जमलेल्या सगळ्यांना, परक्यांनासुद्धा. थोडा करवंटीत भरून, मेण लावून होडीत ठेवतात. पाहुणे खाऊन म्हणतात, वेलची छान आहे.

मग उघडा नांगर पाण्यात पडतो. त्या वेळी पुळणीवर कुणी बोलत नाही. होडीवरची माणसं दोर हळूहळू आवळत नेतात. बायका डोळ्यांवर हात धरून उभ्या असतात. दोर ताणून सरळ झाला, नांगराने धरलं असं दिसलं, की त्या पराती उचलतात आणि घराकडे वळतात, मागे न बघता.